समुद्राचे ज्ञान आणि किनाऱ्याचा कायदा

समुद्राविषयीचे ज्ञान एका ठिकाणी निर्माण होते आणि समुद्राविषयीचे निर्णय दुसऱ्या ठिकाणी घेतले जातात. जहाजावर, प्रयोगशाळेत किंवा खाडीच्या चिखलात उभे राहून शास्त्रज्ञ मोजमापे घेत असतात. मासेमारीच्या जाळ्याची भोके किती मोठी असावीत, भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर घर बांधू द्यावे, बंदरातून उपसलेला गाळ कोठे टाकावा, या गोष्टी मात्र राजधानीतील एखाद्या समितीच्या खोलीत ठरतात. त्या खोलीत बसलेल्या माणसांपैकी फार थोड्यांनी समुद्राचा अभ्यास केलेला असतो. उलट, समुद्राचा अभ्यास करण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांतील बहुतेकांना कायद्याचे एक कलम कसे तयार होते याची कल्पना नसते.

हे अंतर कमी करण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७९ साली एक साधी योजना सुरू झाली. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या तरुणाला एक वर्षापुरते, विद्यावेतन देऊन, कायदे करणाऱ्यांच्या किंवा ते अमलात आणणाऱ्यांच्या शेजारी काम करावयास बसवावे, एवढेच तिचे स्वरूप. या योजनेची गरज का भासली, ती कशी चालत आली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे पाहणे समुद्रकिनारा लाभलेल्या कोणत्याही देशास उपयुक्त आहे.

आखातातील रोग आणि शेतातील कारण

प्रथम एक उदाहरण घेऊ. अमेरिकेची मिसिसिपी ही नदी लुइझियाना राज्याजवळ मेक्सिकोच्या आखातास मिळते. तिच्या खोऱ्यात एकतीस राज्यांचा सर्व किंवा काही भाग मोडतो. या खोऱ्यातील मक्याच्या विस्तीर्ण शेतांना जे रासायनिक खत घातले जाते, त्यातील सर्वच नत्र पिकाच्या मुळांशी राहत नाही. वसंत ऋतूतील पावसाबरोबर त्याचा काही अंश ओढ्यांत, तेथून नदीत व शेवटी समुद्रात जातो.

समुद्रात गेलेले नत्र आणि स्फुरद तेथेही खताचेच काम करतात. पाण्यावर तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती त्यांच्यावर पोसून बेसुमार वाढतात. त्या मरून तळाशी जातात, तेव्हा त्यांना कुजविणारे जंतू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवू लागतात. एरवी वरचे पाणी खाली मिसळून ही तूट भरून निघाली असती. परंतु नदीचे गोडे पाणी हलके असल्यामुळे ते खाऱ्या पाण्यावर थरासारखे पसरते. उन्हाळ्याच्या उष्णतेने हा थर आणखी हलका होतो आणि दोन्ही पाण्यांची सरमिसळ थांबते. मग तळाजवळच्या पाण्यात दर लिटरमागे दोन मिलिग्रॅमहूनही कमी प्राणवायू उरतो. मासे पोहून निघून जातात. ज्यांना पळता येत नाही असे चिखलातील प्राणी गुदमरून मरतात. म्हणून या भागास ‘मृत पट्टा’ म्हणण्याची रीत पडली आहे.

या पट्ट्याची पद्धतशीर मोजणी १९८५ सालापासून चालू आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात त्याचे क्षेत्रफळ २२,७२० चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या सुमारे सहापट भरले. तोपर्यंतच्या मोजण्यांतील हा सर्वांत मोठा आकडा होता. हे क्षेत्र सरासरीने ५,००० चौरस किलोमीटरांच्या आत आणावयाचे, असे उद्दिष्ट २००१ साली ठरविण्यात आले होते. त्यासाठी धरलेली २०१५ ची मुदत पुढे २०३५ पर्यंत लांबवावी लागली.

कारण ठाऊक असूनही उपाय इतका कठीण का व्हावा? रोग समुद्रात असला, तरी त्याचे कारण शेकडो मैल आत, शेतात आहे. प्राणवायू मोजणारा शास्त्रज्ञ लुइझियानाच्या किनाऱ्यावर. खत घालणारा शेतकरी आयोवात. आणि खताचा वापर, शेतीचे अनुदान, नदीकाठची पाणथळ जमीन राखण्याची योजना, हे सारे ठरविणारे अधिकारी वॉशिंग्टनमध्ये. तळाच्या पाण्यातील दोन मिलिग्रॅमचा आकडा शेतीखात्याच्या भाषेत मांडू शकेल असा कोणीतरी या साखळीत असल्याखेरीज तो आकडा अहवालाच्या पानावरच पडून राहतो.

भूमिदानातून सागर-अनुदान

ज्ञान आणि व्यवहार यांची सांगड घालण्याचा प्रश्न अमेरिकेला नवा नव्हता. १८६२ साली तेथील संसदेने प्रत्येक राज्याला सार्वजनिक जमीन देऊन तिच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकविणारी महाविद्यालये काढण्याचा कायदा केला. पुढे १८८७ साली या महाविद्यालयांना जोडून प्रयोगक्षेत्रे आली आणि १९१४ साली संशोधनाचे निष्कर्ष शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेणारी विस्तारसेवाही आली. शिकविणे, शोध घेणे आणि तो शोध वापरणाऱ्याच्या हाती देणे, ही तिन्ही कामे एकाच संस्थेकडे सोपविल्यामुळे अमेरिकन शेतीचे रूप पालटले.

जमिनीसाठी जे झाले तेच समुद्रासाठी का होऊ नये, असा प्रश्न अ‍ॅथेल्स्टन स्पिलहाउस या शास्त्रज्ञाने १९६३ साली मिनीॲपोलिस येथे मत्स्यशास्त्रज्ञांच्या सभेत विचारला. निरनिराळ्या खोलीवरील समुद्राचे उष्णतामान नोंदविणारे उपकरण तयार करणारे म्हणून स्पिलहाउस यांची ख्याती होती. समुद्रापासून पुष्कळ दूर असलेल्या मिनेसोटा राज्यातील विद्यापीठात ते त्या वेळी तंत्रविद्येच्या शाखेचे प्रमुख होते. त्यांची कल्पना ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल आणि फ्लॉरिडाचे प्रतिनिधी पॉल रॉजर्स यांनी संसदेत उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि ‘सी ग्रँट’ म्हणजे सागर-अनुदान योजना अस्तित्वात आली.

या वेळी जमीन देण्याचा प्रश्नच नव्हता. पैसा द्यावयाचा होता. केंद्राने दोन डॉलर द्यावेत आणि राज्याने किंवा विद्यापीठाने त्यात एका डॉलरची भर घालावी, असा सर्वसाधारण नियम ठरला. किनाऱ्यावरील राज्यांबरोबर पंचमहासरोवरांच्या काठची राज्येही योजनेत आली. १९७० साली राष्ट्रीय महासागर व वातावरण प्रशासन हे नवे खाते निर्माण झाले, तेव्हा ही योजना त्याच्याकडे सोपविण्यात आली. देशभर तिच्या चौतीस शाखा उभ्या राहिल्या.

प्रवाह मोजणारा अधिष्ठाता

ज्यांचे नाव पुढे या अधिछात्रवृत्तीला देण्यात आले, ते जॉन क्नाउस (१९२५–२०१५) हे मुळात समुद्रप्रवाहांचे अभ्यासक. प्रशांत महासागरात विषुववृत्तावर पृष्ठभागाचे पाणी पश्चिमेकडे वाहत असते. त्याच्याच खाली, सुमारे शंभर मीटर खोलीवर, नेमका उलट दिशेने, पूर्वेकडे, एक वेगवान प्रवाह धावतो. टाउनसेंड क्रॉमवेल यांनी १९५२ साली तो शोधून काढला आणि १९५८ साली क्नाउस यांनी त्याची सविस्तर मोजणी केली. हा प्रवाह सुमारे तीनशे किलोमीटर रुंद असूनही वरून पाहणाऱ्या खलाशाला त्याची चाहूल लागत नाही.

१९६२ साली क्नाउस हे ऱ्होड आयलंड विद्यापीठातील सागरविज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता झाले आणि १९८७ पर्यंत त्या पदावर राहिले. सागर-अनुदानाची कल्पना कायद्यात उतरविण्यासाठी झटणाऱ्यांत ते होते. ज्युलियस स्ट्रॅटन यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकेच्या सागरी धोरणाचा विचार करणारा जो आयोग नेमण्यात आला, त्याचेही ते सभासद होते. या आयोगाने १९६९ च्या आरंभी अहवाल सादर केला. महासागर व वातावरण यांच्यासाठी स्वतंत्र खाते असावे आणि किनाऱ्याच्या व्यवस्थेचे काम केंद्राच्या साहाय्याने राज्यांनी करावे, या त्याच्या प्रमुख शिफारशी होत्या. पहिलीच्या मागोमाग १९७० साली ते खाते आले आणि दुसरीतून १९७२ चा किनारा व्यवस्थापन कायदा निघाला. क्नाउस स्वतः १९८९ ते १९९३ या काळात त्याच खात्याचे प्रमुख होते. एकच मनुष्य जहाजावर, विद्यालयात, आयोगावर आणि शासनात काम करू शकतो, हे त्यांच्या चरित्रावरून दिसले. परंतु असा मनुष्य योगायोगाने मिळेपर्यंत वाट पाहणे देशाला परवडणारे नव्हते. त्याच्या तयारीची सोय करणे आवश्यक होते.

निवडीची रीत

अधिछात्रवृत्तीला १९८७ साली संसदेने कायद्याचा आधार दिला आणि तिच्याशी अधिष्ठाता क्नाउस यांचे नाव जोडले. महासागर, किनारा किंवा पंचमहासरोवरे यांच्याविषयी आस्था असलेला आणि अमेरिकेतील विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेणारा विद्यार्थी तिच्यासाठी अर्ज करू शकतो. विषयाचे बंधन कडक नाही. माशांच्या अंड्यांचा अभ्यास करणारा आणि सागरी कायद्याचा अभ्यास करणारा, दोघेही तिला पात्र ठरतात.

अर्ज प्रथम राज्यातील सागर-अनुदान शाखेकडे जातो. ती शाखा मुलाखती घेऊन निवडक नावे पुढे पाठविते आणि राष्ट्रीय पातळीवरील परीक्षक त्यांतून अंतिम उमेदवार ठरवितात. त्यांचे दोन गट पडतात : काहींना संसदेच्या सभासदांच्या किंवा समित्यांच्या कार्यालयात, तर काहींना शासकीय खात्यांत काम मिळते. यानंतरचा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. कोणास कोठे पाठवावे हे वरून ठरवून दिले जात नाही. उमेदवार राजधानीत येतात, थोड्या दिवसांत एकामागून एक अनेक कार्यालयांत मुलाखती देतात आणि दोन्ही बाजूंची पसंती जुळवून नेमणूक होते. मासेमारीवर प्रबंध लिहिणाऱ्याने नौदलाच्या सागरशास्त्र विभागात किंवा गाळाच्या अभ्यासकाने संसदीय समितीत काम पत्करावे, असे त्यामुळे सहज घडते. साधारणतः फेब्रुवारीत काम सुरू होते आणि वर्षभर चालते. १९७९ पासून दीड हजारांहून अधिक तरुण या वाटेने गेले आहेत.

कार्यालयात काय शिकावयाचे?

समुद्राविषयी नवे काही शिकण्यासाठी कोणी संसदेच्या कार्यालयात जात नाही. तेथे शिकावयाचे ते निराळेच.

पहिली गोष्ट वेळेची. संशोधक एका प्रश्नावर पाच वर्षे घालवू शकतो. समितीपुढील सुनावणी पुढच्या मंगळवारी असते. तोपर्यंत जे ठाऊक आहे तेवढ्यावर टिपण तयार करावे लागते आणि ते एका पानाचे असावे लागते. प्रबंधाच्या दोनशे पानांत प्रत्येक विधानाच्या मर्यादा सांगता येतात. एका पानात कोणती मर्यादा सांगितलीच पाहिजे आणि कोणती सोडली तर चालेल, याचा विवेक करावा लागतो. ही कसोटी प्रबंधाहून सोपी नाही.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. शास्त्रज्ञाला शंका हे प्रामाणिकपणाचे लक्षण वाटते. निर्णय घेणाऱ्याला तीच शंका निर्णय पुढे ढकलण्याची सबब वाटू शकते. अमेरिकेच्या १९७६ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने या बाबतीत एक शहाणपणाचा मार्ग काढला. मासेमारीचे नियम ‘उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम शास्त्रीय माहितीवर’ आधारलेले असावेत, असे त्याने सांगितले. ‘संपूर्ण’ माहितीवर असे त्याने म्हटले नाही. तसे म्हटले असते तर नियम कधीच झाला नसता. तरीही माहिती उपलब्ध असूनही उशीर होऊ शकतो. न्यू इंग्लंडच्या किनाऱ्यासमोरील जॉर्जेस बँक या उथळ भागात कॉड माशांचा साठा घटत असल्याचे शास्त्रज्ञ सांगत होते. पण त्या समुद्राचे मोठे भाग तळाच्या मासेमारीस बंद करण्याचा निर्णय डिसेंबर १९९४ मध्ये झाला, तेव्हा साठा पार खालावला होता. त्या बंदीची झळ ज्या कोळी कुटुंबांना बसली, त्यांच्या दृष्टीने शास्त्र बरोबर होते की चूक यापेक्षा ते वेळेवर कोणाच्या कानी पडले, हा प्रश्न मोठा होता. २००७ साली झालेल्या दुरुस्तीने वार्षिक मर्यादा घालणे बंधनकारक केले आणि शास्त्रीय सल्लागारांनी सुचविलेल्या पातळीच्या वर ती मर्यादा जाऊ नये असेही सांगितले.

तिसरी गोष्ट विनयाची. धोरण ठरविताना शास्त्र ही एक बाजू असते. उपजीविका, मालमत्तेचा हक्क, राज्याचे उत्पन्न आणि मतदारांची पत्रे या दुसऱ्या. कोणत्या उपायाचा काय परिणाम होईल हे शास्त्र सांगू शकते. परिणामांपैकी कोणता पत्करावा, हे लोकप्रतिनिधींनी ठरवावयाचे असते. ही सीमारेषा पुस्तकात वाचून समजते. पण ती अंगवळणी पडण्यास एखादे वर्ष कार्यालयात बसावे लागते.

राजधानीबाहेरच्या अधिछात्रवृत्ती

किनाऱ्याविषयीचे सर्व निर्णय वॉशिंग्टनमध्ये होत नाहीत. १९७२ चा कायदा राज्यांवर सक्ती करीत नाही. जे राज्य किनाऱ्याची योजना तयार करील, त्याला केंद्र पैसा देते आणि त्याचबरोबर, केंद्राची स्वतःची कामेसुद्धा शक्य तेथवर त्या योजनेशी सुसंगत असली पाहिजेत, असा महत्त्वाचा हक्कही देते. साहजिकच राज्यांना जाणत्या माणसांची गरज पडते. यासाठी १९९६ साली किनारा व्यवस्थापनाची दोन वर्षांची निराळी अधिछात्रवृत्ती सुरू झाली. तिच्यात प्रथम राज्य आपली अडचण मांडते, जसे की धूप होणाऱ्या किनाऱ्याचा नकाशा किंवा पुराच्या धोक्याचा अंदाज. मग त्या कामास योग्य असा पदवीधर शोधून तेथे पाठविला जातो.

याच कायद्याखाली खाड्या आणि नदीमुखे संशोधनासाठी राखून ठेवण्यात आली आहेत. २०२२ साली कनेक्टिकट राज्यातील नदीमुख हे त्या मालिकेतील तिसावे क्षेत्र ठरले. या प्रत्येक क्षेत्रात एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन वर्षे स्थानिक गरजेच्या प्रश्नावर संशोधन करावे, अशी अधिछात्रवृत्ती २०२० पासून देण्यात येऊ लागली. तिला मार्गारेट डेव्हिडसन यांचे नाव दिले आहे. चार्ल्सटन येथील किनारा-सेवा केंद्राच्या त्या पहिल्या संचालक होत्या आणि वाढत्या समुद्रपातळीला तोंड देण्यासाठी किनाऱ्यावरील गावांची तयारी व्हावी, यासाठी २०१७ साली मृत्यू येईपर्यंत त्या झटल्या.

या तीन योजनांत एक क्रम दिसतो. पहिली तरुणाला कायदा घडतो तेथे नेते, दुसरी तो राबविला जातो तेथे, आणि तिसरी ज्या चिखलासाठी तो केला त्या चिखलाशीच त्याला ठेवते.

मर्यादा

अशा योजनेचे दोष झाकून ठेवण्यात अर्थ नाही. एका वर्षात कोणी मुरब्बी प्रशासक होत नाही. पुष्कळसे अधिछात्र वर्ष संपल्यावर प्रयोगशाळेकडे न परतता शासनात किंवा संस्थांत राहतात. त्यामुळे संशोधनाचे नुकसान होते, असे म्हणता येईल. संसदेतील कार्यालय हे कोणत्या तरी पक्षाच्या सभासदाचे असते, तेव्हा तेथे काम करणाऱ्या तरुणाने आपली शास्त्रीय निःपक्षता कशी राखावी, हा प्रश्न प्रत्येक वर्षी नव्याने उभा राहतो.

शिवाय ज्या खजिन्यातून विद्यावेतन येते, तो राजकारणाच्या हाती असतो. २०१७ साली राष्ट्राध्यक्षांच्या अंदाजपत्रकात सागर-अनुदान योजना अजिबात बंद करण्याची सूचना होती. संसदेने ती मान्य केली नाही आणि अनुदान चालू ठेवले. पन्नास वर्षे टिकलेली संस्थाही एका ओळीने पुसली जाऊ शकते, हे या प्रसंगाने दाखविले. तसेच, आपल्या किनाऱ्यावर तिचे काम पाहिलेले लोक असतील, तर ती ओळ परतवून लावता येते, हेही दिसले.

हिंदी महासागराच्या बाजूने

या साऱ्या कथेचा एक धागा भारतापर्यंत पोचतो. १९६० ते १९६५ या काळात अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराची पाहणी केली. तिच्यात १९६२–६३ साली ‘आर्गो’ या जहाजावरून क्नाउस यांनी हिंदी महासागरातही विषुववृत्ताखालील तो प्रवाह शोधला. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात त्याचा मागमूस लागेना. पुढील वर्षी वसंत ऋतूत मात्र तो स्पष्टपणे वाहताना आढळला. प्रशांत महासागरात जो प्रवाह जवळजवळ कायमचा, तो येथे वाऱ्यांबरोबर येतो आणि जातो. त्याच पाहणीतून भारतात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ साली जन्मास आली. तिचे मुख्यालय गोव्यात दोनापावला येथे आहे.

भारताने १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना काढली आणि भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध घातले. २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात, म्हणजे २०११ च्या शिरगणतीप्रमाणे दर चौरस किलोमीटरमागे २,१६१ हून अधिक लोक राहतात तेथे, बांधकामास मनाई असलेला पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. या एका नियमात किती विद्या एकत्र आल्या आहेत, ते पाहण्यासारखे आहे. भरतीची रेषा ठरविणे हे समुद्रशास्त्राचे काम. लोकसंख्या मोजणे हे शिरगणतीचे. आणि २०० की ५० हे ठरविणे धोरणाचे. कोकणातल्या कोळ्याला उधाणाचे पाणी कोठवर चढते ते ठाऊक असते, पण त्याचे ज्ञान नकाशावर उमटेलच असे नाही.

वाळूवरची रेषा दर वर्षी सरकते. कागदावरची रेषा एकदा काढली की अनेक वर्षे राहते. त्या दोन्ही रेषा वाचता येणारी माणसे जेथे असतील, तेथे कागदावरची रेषा वाळूवरच्या रेषेपासून फार दूर जाणार नाही. अशी माणसे तयार करण्यास एका विद्यार्थ्याचे एक वर्ष आणि त्याचे विद्यावेतन, एवढा खर्च येतो. चुकीच्या ठिकाणी बांधलेल्या एका धक्क्याच्या मानाने तो फारच थोडा आहे.